पिल्लांची टाकी आणि फिल्टरचा जोर : पाण्याचा वेग कमी करण्यामागचं विज्ञान



शहापूर आणि मुरबाड तालुक्यात जूनचा पहिला मोठा पाऊस पडला की ओढे-नाले भरून वाहू लागतात. त्याच वेळी नदीतले मासे प्रवाहाच्या विरुद्ध वर चढायला लागतात. यांना कोणी चढणीचे मासे म्हणतं, कोणी वलगणीचे. एवढ्या जोराच्या पाण्यात अंगातली सगळी ताकद लावून हे मासे जातात कुठे? बरेचसे जातात ते भाताच्या खाचरात, बांधाच्या कडेला, गवत बुडालेल्या उथळ पाण्यात. तिथं पाणी नवं असतं, पण संथ असतं. अंडी घालायला त्यांना अशीच जागा हवी असते. मोठा मासा धारेशी झुंजू शकतो, पण त्याचं नुकतं जन्मलेलं पिल्लू झुंजू शकत नाही.

आता घरातल्या किंवा शाळेतल्या फिशटँककडे बघा. गप्पीची मादी पिल्लं घालते. दुसऱ्या दिवशी मोजायला जावं तर निम्मी गायब! काही मोठ्या माशांनी खाल्लेली असतात, काही फिल्टरच्या तोंडात ओढली गेलेली असतात, तर काही दिवसभर धारेविरुद्ध पोहून दमलेली असतात. मग कोणीतरी सांगतं, "फिल्टर बंदच करून टाक." आणि दोन-तीन दिवसांत उरलेली पिल्लंही मरतात. हे म्हणजे आगीतून फुफाट्यात पडणं झालं.

असं का होतं आणि यावर उपाय काय, हे आजच्या पाठात शिकायचं आहे. पाठाचं सूत्र एका वाक्यात सांगायचं तर : पाण्याचा जोर कमी करायचा, पाण्याची सफाई नाही.

१. फिल्टर नेमकं काय करतो?

फिल्टर म्हणजे कचरा अडवणारी गाळणी, असं आपल्याला वाटतं. ते अर्धंच खरं आहे. फिल्टरचं मोठं काम डोळ्यांना दिसत नाही.

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजली की त्यातूनही अमोनिया तयार होतो. हा अमोनिया माशांना विषारी असतो आणि पिल्लांना तर फारच. फिल्टरच्या स्पंजमध्ये उपयुक्त जिवाणूंची वस्ती असते. नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच असतं. मग नायट्रोस्पायरासारखे दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने खूपच कमी अपायकारक असतं, ते थोडं थोडं पाणी बदलून काढता येतं.

या जिवाणूंना जगायला दोन गोष्टी लागतात : राहायला जागा आणि श्वासाला ऑक्सिजन. स्पंजमधून पाणी फिरत राहिलं तरच त्यांना ऑक्सिजन मिळतो. फिल्टर बंद केला की आतलं पाणी अडून राहतं, ऑक्सिजन संपतो आणि जिवाणू मरू लागतात. म्हणजे आपण धार बंद करायला गेलो आणि पिल्लांचा सफाई कामगारच घालवून बसलो.

नवीन फिल्टरमध्ये ही वस्ती नीट बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून पिल्लांच्या टाकीत कोरा करकरीत स्पंज टाकू नका. तो आधी महिनाभर मोठ्या माशांच्या टाकीत चालवा आणि मग इकडे आणा.

२. प्रवाह वेगळा, वेग वेगळा

पाठाचा गाभा हाच आहे, म्हणून नीट लक्ष द्या. अंगणात झाडांना पाणी घालताना पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबला की काय होतं? पाणी लांब उडतं. पाणी वाढलं का? नाही. उलट थोडं कमीच झालं असेल. वाढला तो वेग.

एका तासात किती लिटर पाणी फिरतं, तो झाला प्रवाह. पाणी एका सेकंदात किती सेंटीमीटर पुढे जातं, तो झाला वेग. दोघांचं नातं असं :

प्रवाह = तोंडाचं क्षेत्रफळ × वेग

प्रवाह तोच असेल तर तोंड लहान केल्यावर वेग वाढतो आणि तोंड मोठं केल्यावर वेग घटतो. पिल्लाला त्रास होतो तो वेगाचा. तासाला किती लिटर फिरतात याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

एक उदाहरण सोडवू. टाकी ६० सेंमी लांब, ३० सेंमी रुंद आणि पाणी २५ सेंमी उंच.

६० × ३० × २५ = ४५,००० घन सेंमी, म्हणजे ४५ लिटर.

फिल्टर तासाला ४५० लिटर पाणी फेकतो. म्हणजे टाकीतलं सगळं पाणी तासाला १० वेळा फिरतं. दर सेकंदाला १२५ घन सेंमी.

फिल्टरच्या तोंडाचा आतला व्यास १.२ सेंमी. त्याचं क्षेत्रफळ ३.१४ × ०.६ × ०.६ = सुमारे १.१३ चौ. सेंमी.

वेग = १२५ ÷ १.१३ = सेकंदाला सुमारे ११० सेंमी!

गप्पीचं नुकतं जन्मलेलं पिल्लू असतं जेमतेम ६ ते ८ मिलिमीटरचं. त्याच्यासमोर ही धार म्हणजे माळशेज घाटातला श्रावणातला धबधबाच.

आता त्याच तोंडाला एक आडवा पाइप जोडला, शेवटचं टोक बुचाने बंद केलं आणि पाइपाला ४ मिमी व्यासाची भोकं पाडली, तर? एका भोकाचं क्षेत्रफळ सुमारे ०.१२५६ चौ. सेंमी. ९ भोकं पाडली तर एकूण क्षेत्रफळ होतं १.१३ चौ. सेंमी, म्हणजे मूळ तोंडाएवढंच. वेग तसाच राहिला! पण ३६ भोकं पाडली तर क्षेत्रफळ चौपट होतं आणि वेग सेकंदाला सुमारे २८ सेंमीवर येतो. पाणी तेवढंच फिरलं, जोर मात्र एक चतुर्थांश झाला. भोकांतून निघालेल्या बारीक धारा आजूबाजूच्या पाण्यात मिसळून लवकर मंदावतात, हा आणखी एक फायदा.

म्हणून "पाइपाला भोकं पाडली तरी फरक पडला नाही" असं कोणी म्हणालं, तर त्याला आधी भोकं मोजायला सांगा.

३. आधी मोजा, मग बदला

*कृती १ : प्रवाह मोजणे.* फिल्टर चालू ठेवून त्याची धार १ लिटरच्या बाटलीत घ्या आणि बाटली भरायला लागणारा वेळ मोबाइलवर मोजा. १२ सेकंद लागले तर मिनिटाला ५ लिटर, म्हणजे तासाला ३०० लिटर. हा आकडा खोक्यावर छापलेल्या आकड्यापेक्षा बहुधा कमीच येईल, कारण स्पंजचा अडथळा आणि पाणी वर चढवण्याचं काम यात पंपाची शक्ती जाते.

*कृती २ : वेग मोजणे.* भाताचं एक तूस पाण्यावर सोडा. टाकीच्या काचेवर ३० सेंमी अंतरावर दोन खुणा करून ठेवा. तूस एका खुणेपासून दुसरीपर्यंत ३ सेकंदांत गेलं, तर वेग झाला सेकंदाला १० सेंमी. टाकीच्या चारही भागांत हे करून बघा. कुठे तूस पळतं, कुठे गोल फिरतं, कुठे जागेवर राहतं याचं वहीत चित्र काढा. हाच तुमच्या टाकीचा प्रवाहाचा नकाशा.

मोठ्या माशांच्या टाकीत पाणी तासाला चार ते सहा वेळा फिरावं, असा मासे पाळणाऱ्यांचा ढोबळ अंदाज असतो. पिल्लांच्या टाकीत दोन ते चार वेळा पुरे होतं. पण आकड्यापेक्षा पिल्लं काय करतात ते बघा. ती टाकीभर सहज फिरत असतील तर ठीक. सगळी एका कोपऱ्यात गोळा झाली असतील किंवा एकाच दिशेला तोंड करून सतत शेपट्या मारत असतील, तर जोर जास्त आहे.

४. जोर कमी करण्याचे उपाय

(१) धार काचेवर वळवा. सगळ्यात सोपा आणि बिनखर्चाचा उपाय. फिल्टरचं तोंड मागच्या काचेकडे किंवा पाण्याच्या पृष्ठभागाकडे करा. धार काचेवर आपटून पसरते, तिचा जोर मोडतो. पृष्ठभाग हलत राहिल्यामुळे हवाही मिसळते.

(२) धार पसरवा. वर सांगितलेला भोकांचा पाइप लावा. भोकं भरपूर पाडा आणि त्यांची तोंडं काचेकडे ठेवा.

(३) तोंडावर जाड छिद्रांचा स्पंज बसवा. पाणी स्पंजच्या सगळ्या बाजूंनी झिरपतं. तोंडाचं क्षेत्रफळ वाढवण्याचाच हा दुसरा प्रकार.

(४) व्हॉल्व्ह लावायचा तर पाणी बाहेर पडण्याच्या बाजूला लावा. पुष्कळ फिल्टरना प्रवाह कमी-जास्त करायची खिट्टी असतेच, ती आधी वापरा. पाणी आत घेणारी बाजू कधीही आवळू नका. पंपाला पाणी कमी पडलं की तो गरम होतो आणि खराब होतो. शिवाय व्हॉल्व्ह अगदी टोकाला बसवला तर अंगठा दाबल्यासारखं होऊन बारीक पण जोराची धार निघेल. व्हॉल्व्ह पंपाजवळ ठेवा आणि पुढचं तोंड रुंद ठेवा.

(५) आत ओढणाऱ्या तोंडालाही स्पंज लावा. पिल्लं जातात ती बहुतेक इथूनच. इथंही तेच सूत्र : तोंडाचं क्षेत्रफळ वाढलं की ओढ कमी होते. मच्छरदाणीच्या कापडाने गप्पीची पिल्लं अडतील, पण फायटरची पिल्लं इतकी बारीक असतात की जाळीतून आरपार जातात. तिथं स्पंजच हवा. मात्र तो फिल्टरसाठी मिळणारा घ्या, भांडी घासायचा नको.

(६) अडथळे उभे करा. हायड्रिला किंवा जावा मॉससारख्या पाणवनस्पतींचा दाट झुपका धारेसमोर ठेवला की त्याच्यामागे संथ पाणी तयार होतं. मोठ्या माशांपासून लपायलाही पिल्लांना तीच जागा उपयोगी पडते. खाचरातलं बुडालेलं गवत हेच काम करतं.

(७) सगळ्यात उत्तम : हवेवर चालणारा स्पंज फिल्टर. यात पाणी फेकणारा पंपच नसतो. एअर पंपाची हवा नळीतून वर जाते, जाताना पाणी उचलते आणि तेवढंच पाणी स्पंजमधून आत येतं. ओढ संपूर्ण स्पंजवर विभागली गेल्यामुळे पिल्लू अडकत नाही. उलट स्पंजवर वाढलेले सूक्ष्मजीव टिपत पिल्लं त्यावरच चरताना दिसतात. बुडबुडे जास्त वाटले तर हवेची नळी दाबून बांधू नका, त्याने पंपाच्या आतल्या रबरी पडद्यावर ताण येतो. टी-जोड लावून जादा हवा दुसऱ्या वाटेने बाहेर सोडा.

५. कोणत्या माशाला किती प्रवाह?

सगळ्या माशांना एकच नियम लावू नका.

गप्पी, मॉली : ही जिवंत पिल्लं देणारी जात. गप्पीची मादी साधारण चार आठवड्यांनी पिल्लं घालते. पिल्लं जन्मल्याबरोबर पोहतात. त्यांना हलका प्रवाह चालतो.

झेब्रा : हा मूळचा आपल्या भारतीय उपखंडातला मासा. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरच्या ग्रंथात त्याची नोंद केली. आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो अभ्यासासाठी वापरतात. त्याची अंडी तळाशी पडतात आणि आईबापच ती खातात. तळाला गोट्या पसरून ठेवल्या की अंडी फटींत सुरक्षित राहतात. अंडी घातल्यावर मोठे मासे बाहेर काढा आणि प्रवाह अगदी मंद करा.

फायटर, गुरामी : नर पाण्यावर बुडबुड्यांचं घरटं बांधतो आणि अंडी त्यात ठेवतो. थोडासा प्रवाहही घरटं मोडतो. इथं सुरुवातीला पंपाचा फिल्टर नकोच. पाण्याची उंची १० ते १५ सेंमी ठेवा. फायटरची अंडी एक-दोन दिवसांत फुटतात आणि आणखी दोन-तीन दिवसांनी पिल्लं मोकळी पोहू लागतात. तेव्हा नराला काढून स्पंज फिल्टर बुडबुडे मोजता येतील इतका हळू सुरू करा. मोठा फायटर पृष्ठभागावर येऊन हवा घेतो, पण तो अवयव पिल्लांमध्ये काही आठवड्यांनी तयार होतो. तोपर्यंत ती पाण्यातल्या ऑक्सिजनवरच जगतात, हे विसरू नका. आपली मरळसुद्धा अशीच हवा घेणारी आहे आणि तीही संथ, गवताळ पाण्यात अंडी घालून पिल्लं सांभाळते.

एंजल : ही जोडी उभ्या पानावर किंवा पाटीच्या तुकड्यावर अंडी चिकटवते आणि परांनी वारा घातल्यासारखं त्यांवर पाणी हलवत राहते. अंड्यांनाही ताजं पाणी लागतं, याचा हा जिवंत पुरावा. आईबाप काढले तर हे काम जवळ ठेवलेल्या मंद बुडबुड्यांनी करावं लागतं.

६. वेग घटला की जबाबदारी वाढते

भातसा धरणाचं पाणी नदीतून पिसे इथे उचलून पांजरापूरच्या जलशुद्धीकरण केंद्रात नेतात आणि तिथून ते मुंबईला जातं. अशा केंद्रात पाण्याला तुरटी घालून मोठ्या टाक्यांत संथ करतात. का? तर वाहत्या पाण्याबरोबर गाळ वाहत राहतो, पाणी संथ झालं की गाळ तळाशी बसतो.

तुमच्या टाकीतही तेच घडणार. जोर कमी केल्यावर विष्ठा आणि खाणं फिल्टरपर्यंत पोचणार नाही, तळाशी साचेल. म्हणून रोज एअर पंपाच्या बारीक नळीने तळाचा कचरा ओढून काढा आणि १० ते २० टक्के पाणी बदला. काढलेलं पाणी पांढऱ्या टबात घ्या, म्हणजे चुकून आलेलं पिल्लू लगेच दिसेल. नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर असेल तर ते उघड्या बादलीत एक दिवस ठेवून मगच घाला. बोअरच्या पाण्यात ऑक्सिजन कमी असू शकतो, त्यात आधी हवा सोडा.

दुसरी गोष्ट उन्हाळ्याची. पाणी २० अंशाला असताना एका लिटरमध्ये साधारण ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, ३० अंशाला साधारण ७.५ मिलिग्रॅमच. मुरबाड-शहापूरच्या एप्रिल-मेमध्ये टाकीचं पाणी सहज ३० अंशांवर जातं. जानेवारीत ठरवलेला मंद प्रवाह मे महिन्यात अपुरा पडू शकतो. पिल्लं वर येऊन तोंड उघडझाप करू लागली, तर पृष्ठभाग जास्त हलेल अशी सोय लगेच करा.

तिसरी गोष्ट वीज. पावसाळ्यात आपल्या वाड्या-पाड्यांवर लाईट गेली की कधी येईल सांगता येत नाही. बंद डब्याच्या फिल्टरमधले जिवाणू अशा वेळी लवकर गुदमरतात, टाकीत उघडा असलेला स्पंज जास्त वेळ तग धरतो. बॅटरीचा छोटा एअर पंप जवळ ठेवा. नसेल तर दर थोड्या वेळाने तांब्याभर पाणी घेऊन कडेच्या काचेवरून हळूहळू सोडा. एअर पंप टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवा, नाहीतर लाईट जाताच पाणी नळीतून उलटं पंपात शिरतं. आणि टाकीत हात घालण्याआधी प्लग काढायचा म्हणजे काढायचाच.

चौथी गोष्ट स्पंज धुण्याची. स्पंज कचऱ्याने भरला की प्रवाह आपोआप कमी होतो. हे कमी होणं आपल्याला नको आहे, कारण इथं सफाईच थांबते. दर आठवड्याला कृती १ करून बाटली भरायचा वेळ लिहून ठेवा. तो वाढत गेला तर स्पंज तुंबतोय. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात तो हलका पिळा. नळाखाली साबण लावून धुतला तर जिवाणूंची वस्ती साफ.

७. छंद आणि चार पैसे

कुर्ल्याच्या बाजारातून पिशवीत मासे घेऊन आसनगाव लोकलने येणारे शौकीन आपल्या भागातही आहेत. हेच मासे घरी वाढवून विकता येतात. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मत्स्यपालनाचाही समावेश आहे. त्यात सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदानाची तरतूद ठेवलेली आहे. चालू नियम जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारावेत. पण अनुदानाने टाक्या येतात, पिल्लं जगवायची ती आपणच. शंभरांतली वीस जगली की ऐंशी, यावरच हा धंदा नफ्याचा की तोट्याचा हे ठरतं. आणि तो फरक कित्येकदा दहा रुपयांच्या स्पंजने पडतो.

एक पथ्य मात्र पाळा. जास्त झालेली पिल्लं काळू, भातसा, बारवी अशा नद्यांत किंवा ओढ्यात सोडू नका. गप्पी, मॉली, एंजल हे परदेशी मासे आहेत. ते वाढले तर आपल्या स्थानिक माशांचं खाणं आणि जागा बळकावतात. डासांसाठी गप्पी कुठे सोडायचे ते आरोग्य कर्मचाऱ्यांना ठरवू द्या.

लक्षात ठेवा

• पिल्लाला त्रास प्रवाहाचा नसतो, वेगाचा असतो.
• तोंड मोठं केलं की वेग कमी होतो, पाणी आत घेताना आणि बाहेर सोडतानाही.
• फिल्टर बंद करणं हा उपाय नाही.
• वेग कमी केला की तळाची सफाई आणि ऑक्सिजन यांवर जास्त लक्ष द्या.

स्वाध्याय

१. ५० × ३० × २० सेंमी पाण्याच्या टाकीत तासाला १२० लिटर पाणी फिरतं. टाकीतलं पाणी तासाला किती वेळा फिरलं?
२. १ लिटरची बाटली भरायला ९ सेकंद लागतात. प्रवाह तासाला किती लिटर?
३. तोंडाचं क्षेत्रफळ तिप्पट केलं आणि प्रवाह तोच राहिला, तर वेगाचं काय होईल? कारण लिहा.
४. फायटरच्या टाकीत पहिल्या काही दिवसांत पंपाचा फिल्टर का लावत नाहीत?
५. *उपक्रम :* तुमच्या गावात पहिल्या पावसात मासे कोणत्या ओढ्याने चढतात आणि कुठे थांबतात, हे घरातल्या आजोबा-आजींना विचारा. त्या जागी पाण्याचा वेग तुसाने मोजा. मोठ्या माणसाला सोबत घ्या, भरलेल्या ओढ्यात उतरू नका. ओढ्याचा वेग आणि खाचरातला वेग यांची तुलना वहीत मांडा.